भरतीत नापास झालेले पाय आणि सोळा हजारांचे बूट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४२, उंची १७४ सेंटिमीटर, वजन १०३ किलो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीत पळण्यात पास झाले, पण मेडिकलला ‘फ्लॅट फूट’ म्हणून बाहेर निघावं लागलं. त्यानंतर पळणं सुटलं ते सुटलंच. यंदा रक्तातली साखर सीमारेषेवर आल्यामुळे चार महिन्यांपूर्वी पुन्हा सुरुवात केली, पहिल्या दिवसापासून सलग चार किलोमीटर. दुकानात ट्रेडमिलवर व्हिडिओ काढून सांगण्यात आलं, की ‘तुम्ही ओव्हरप्रोनेट करता, म्हणजे पळताना तुमचा पाय जास्तच आत कलतो, त्यात वजन जास्त, तुम्हाला सपोर्टवालाच बूट लागणार.’ सोळा हजारांचे बूट आणि वर अडीच हजारांचे कडक इनसोल घेतले. चांगले बूट आलेच आहेत म्हणून अंतर सहा किलोमीटरवर नेलं, आठवड्यातून चार दिवस. महिन्याभरात कमानीखाली फोड आला आणि उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. ऑफिसमधला मित्र म्हणतो, हे टाकून जाड मऊ सोलचे बूट घे. पत्नी म्हणते, आधी वजन उतरव, मग पळ. पुढच्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची इच्छा आहे. प्रश्न असा: शंभर किलोवरच्या, सपाट पायांच्या माणसानं नेमका कोणता बूट घ्यावा?

नमस्कार,

बुटांचं नंतर बोलू, आधी नडगी. आज रात्री खुर्चीत बसा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्याकडून वर अंगठ्यानं दाबत जा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल, पळायला लागल्यावर आधी ठणकून मग अंग गरम झालं की कमी होत असेल, तर तो बहुधा हाडाच्या कडेवर आलेला ताण आहे. पळणारे त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. पण नाण्याएवढ्या एकाच जागी बोट ठेवताच कळ जात असेल, साधं चालताना किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर पळणं आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दुखणं हटत नसेल तर एमआरआयबद्दल विचारा. त्या पायावर कुठलाही बूट चढवून उपयोग होणार नाही.

तसंच आतल्या घोट्याच्या मागेही दाबून बघा. पोटरीतून येणारी एक कंडरा, म्हणजे टेंडन, तिथून वळून तळव्याखाली जाते आणि कमानीला उचलून धरते. चाळिशीनंतर, वजन जास्त असताना, ही कंडरा थकण्याचा धोका वाढतो. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच उचला. टाच उचलताच आली नाही, किंवा घोट्याच्या आतून कळ आली, किंवा गेल्या वर्षभरात एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सपाट होत चाललाय असं वाटत असेल, तर हे प्रकरण बूट बदलून मिटणारं नाही. डॉक्टरांकडे जा.

आता तुमच्या पायांविषयी. तुमच्या पत्रात बुटांवर दीड पान आहे आणि भरतीवर दोन ओळी. त्या दोन ओळी मी परत परत वाचल्या. ‘तेव्हाच कळलं की आपले पाय पळण्याचे नाहीत,’ असं तुम्ही लिहिलंय. पण त्याच भरतीत तुम्ही सोळाशे मीटर पळून पास झाला होतात ना? याच पायांनी. मेडिकलच्या टेबलावर एका शब्दात निकाल लागला आणि तो शब्द तुम्ही तेवीस वर्षं सोबत बाळगला. दुकानात ‘ओव्हरप्रोनेशन’ ऐकलं तेव्हा तुम्हाला तो नवा शब्द वाटलाच नसणार. जुनाच निकाल पुन्हा ऐकल्यासारखं झालं असणार, आणि म्हणूनच अठरा-साडेअठरा हजार रुपये देताना हात आखडला नाही.

एक साधी चाचणी करा. अनवाणी उभे राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा. मग दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभे राहा. टाच उचलल्यावर तळव्याची कमान दिसू लागली आणि टाचा किंचित आत वळल्या, तर तुमचा पाय लवचीक सपाट पाय आहे. भार पडला की कमान खाली बसते, भार निघाला की वर येते. असे पाय असंख्य लोकांचे असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. एनडीए आणि सीडीएस या सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांतही नेमकी हीच गोष्ट लिहिलेली असते: चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि उमेदवार चवड्यांवर नीट पळू शकत असेल, तर तो पाय चालतो. तुमच्या वेळी ही चाचणी झाली की कसं, ते तुम्हालाच आठवत असेल. चवड्यांवर उभं राहूनही कमान अजिबात येत नसेल, पाय कडक असेल, तर ते वेगळं. मग एकदा तपासून घेणं बरं.

आणि प्रोनेशन. पाय जमिनीवर टेकला की टाच थोडी आत कलते आणि कमान खाली बसते. हा दोष नव्हे. चारचाकीच्या स्प्रिंगनं खड्ड्यात दबावं तसा पाय दबतो, धक्का पसरवतो आणि पुढच्या क्षणी कडक होऊन तुम्हाला पुढे ढकलतो. प्रोनेशन सगळ्यांचं होतं. ‘ओव्हर’ कुठून सुरू होतं, याची सर्वमान्य रेषा नाही. दुकानातला कॅमेरा मागून टाचेचा कल दाखवतो, तोही ट्रेडमिलवर पहिल्यांदा चढलेल्या, जरा घाबरलेल्या माणसाचा. जुन्या बुटाची टाच बाहेरून झिजली यावरूनही काही ठरत नाही, कारण टाचेवर पडणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा बूट तिथेच झिजतो. बाथरूमच्या फरशीवरचा ओला ठसा तर फक्त उभ्या पायाची कमान दाखवतो, पळताना पाय काय करतो हे त्यातून कळत नाही.

मग सपाट पायाचे लोक पळताना जास्त जायबंदी होतात का? डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचा साधा न्यूट्रल बूट, म्हणजे खास आधार नसलेला, देऊन वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. पाय आत कलणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या नाहीत. हजार किलोमीटरमागे मोजलं तेव्हा तर त्या किंचित कमीच निघाल्या. तुम्ही सैन्यात जायला निघाला होतात म्हणून हेही सांगते: अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन कोअरच्या प्रशिक्षण केंद्रांत हजारो जवानांवर हाच प्रश्न तपासला गेला. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, म्हणजे सपाट पायाला मोशन कंट्रोल, पाय आत कलू नये म्हणून कडक आधार असलेले, आणि उंच कमानीला मऊ. दुसऱ्या गटाला सरसकट एकाच जातीचे. दुखापतींत सांगण्यासारखा फरक पडला नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंना सहा महिने दोन प्रकारचे बूट दिले, दिसायला सारखे, आतून वेगळे. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचे पाय आत कलत होते त्यांना मोशन कंट्रोलच्या बुटांत दुखापती कमी झाल्या. बाकीच्यांना विशेष फायदा दिसला नाही. म्हणजे दुकानदारानं तुम्हाला निव्वळ थाप मारली, असं मी म्हणणार नाही. आधार देणारा बूट तुम्हाला मानवू शकतो. माझा आक्षेप ‘लागणारच’ या शब्दाला आहे. आधार ही एक शक्यता होती आणि ती तुमच्या पायात घालून, पळून तपासायला हवी होती. व्हिडिओ बघून थेट बिल व्हायला नको होतं.

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग अनेक दशकं पळणाऱ्यांच्या पायांचा अभ्यास करत आले आहेत. २०१५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं, की प्रत्येक शरीराचा हालचालीचा आपला एक मार्ग असतो, बूट त्याला फारसा बदलू शकत नाही, आणि ज्या बुटात पाय सुखावतो तो त्या मार्गाच्या आड कमी येतो. म्हणून निवडताना आराम हीच पहिली चाळणी. सोळा हजारांचा बूट तळव्याला फोड आणत असेल तर तो या चाळणीतून केव्हाच खाली पडला.

त्या फोडाचं कारण मला बुटापेक्षा इनसोलमध्ये दिसतं. सपोर्टचा बूट आतल्या बाजूनं आधीच पायाला अडवतो. त्यावर तुम्ही कमानीखाली कडक फुगवटा बसवलात. लवचीक कमान दर पावलाला खाली बसू पाहते आणि तो फुगवटा तिला बसू देत नाही. सहा किलोमीटरमध्ये हे एका पायाला हजारो वेळा घडतं. इनसोल बसवण्यापूर्वी बुटाचा मूळ इनसोल काढला होता का, तेही बघा. बरेच जण एकावर एक घालतात, मग बूट आतून उथळ आणि तोकडा होतो. माझं सांगणं: नडगी शांत झाली की इनसोल काढून, मूळ इनसोल परत घालून, याच बुटात घराजवळ दहा मिनिटं चाला, मग दोन-तीन मिनिटं हळू पळा. बूट बरा वाटला तर पैसे वाया गेले नाहीत. तरीही रुतत असेल तर तो तुमचा बूट नाही. त्यासाठी स्वतःला बोल लावू नका आणि ‘एवढे पैसे दिलेत’ म्हणून तो रेटूही नका.

नडगीचं कारण मात्र मला बुटात कमी आणि तुमच्या आकड्यांत जास्त दिसतं. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून येतो. तुमच्या बाबतीत तो दोनशे ते तीनशे किलोंच्या घरात. हळू पळताना एका किलोमीटरला साधारण तेराशे पावलं पडतात. हृदय आणि दम दोन महिन्यांत सुधारतात, म्हणून तुम्हाला सहा किलोमीटर जमायला लागले. हाडं आणि कंडरा त्या मानानं फार सावकाश तयार होतात. डेन्मार्कमधल्याच संशोधकांना असं आढळलं, की बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) ३०च्या वर असलेल्या नवख्यांपैकी ज्यांनी पहिल्याच आठवड्यात एकूण तीन किलोमीटरपेक्षा जास्त पळणं केलं, त्यांच्यात दुखापती जास्त दिसल्या. एकूण तीन, आठवडाभरात. तुमचा बीएमआय ३४ आहे आणि तुम्ही पहिल्या दिवशीच चार पळालात. शिवाय नवा बूट, नवा इनसोल आणि वाढलेलं अंतर हे सगळं एकाच आठवड्यात आलं. आता नेमकं कशानं दुखलं, हे सांगणं कुणालाही कठीण. इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं ठरवून टाका.

मित्राचा सल्ला, जाड आणि मऊ सोल. वजन जास्त म्हणजे गादी जास्त हवी, हे ऐकायला पटतं, मलाही अनेक वर्षं पटायचं. पण लक्झेंबर्गच्याच गटानं ८४८ धावपटूंवर मऊ आणि कडक सोलची तुलना केली, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. एकूणात कडक सोलमध्ये दुखापती जास्त निघाल्या. मात्र वजनानुसार दोन गट पाडले तेव्हा मऊपणाचा फायदा हलक्या धावपटूंत स्पष्ट दिसला, जड धावपटूंत तसा दिसला नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. सत्तर किलोच्या माणसासाठी बनवलेला लोण्यासारखा फोम शंभर किलोंखाली पार दबून जातो, आणि उंच सोल अरुंदही असेल तर घोटा सावरत बसावं लागतं. तुम्हाला गादी हवीच, पण दबल्यावर तळाला टेकणार नाही अशी, आणि खालून रुंद तळाची. कार्बन प्लेटचे शर्यतीचे बूट तर आत्ता दुकानात हातातही घेऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणता बूट. एक नाव सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ते नाव माझ्या पायासाठी असतं. दुकानात काय मागायचं, ते मात्र नीट सांगू शकते. आधाराचे बूट दोन पिढ्यांचे आहेत. जुन्या पद्धतीत सोलच्या आतल्या कडेला जास्त कडक फोमचा तुकडा असतो, बहुधा करड्या रंगाचा, तो दाबला की बोटाला जाणवतो. नव्या पद्धतीत तो तुकडा जवळपास गेला आहे. त्याऐवजी सोल रुंद करतात, कडा वर घेतात म्हणजे टाच त्यात खोल बसते. असिक्सचा जेल-कयानो १९९३पासून येतोय आणि २०२३च्या तिसाव्या आवृत्तीत तो या नव्या वळणावर गेला. ब्रूक्सच्या अॅड्रेनालिन जीटीएसमध्ये टाचेच्या दोन्ही बाजूंना कडा असतात, पाय मर्यादेत असेपर्यंत त्या लुडबुड करत नाहीत. होकाचे अराही आणि गॅव्हिओटा, सॉकनीचा गाइड, न्यू बॅलन्सचा ८६०, मिझुनोचा वेव्ह इन्स्पायर, असिक्सचा जीटी-२००० हे सगळे याच घरातले. ब्रूक्स बीस्टसारखा जड मोशन कंट्रोल बूट वजनदार माणसांना हमखास सुचवला जातो, पण मी तो पहिल्याच फेरीत निवडणार नाही. आधी यांतले दोन सौम्य आधाराचे आणि एक रुंद तळाचा न्यूट्रल, असे तीन जोड एकाच दिवशी पायात घाला. न्यूट्रलला यादीतून काढू नका. डेन्मार्कचे ते ९२७ जण त्यातच पळाले होते.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजल्यावर. पळताना घालता तेच मोजे न्या. जाण्यापूर्वी घरी भिंतीला टाच लावून, कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहा आणि दोन्ही पायांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. लवचीक सपाट पाय भाराखाली लांब आणि रुंद होतो, म्हणून बसून घेतलेलं माप तुमच्या बाबतीत हमखास चुकतं. मला वाटतं ‘ओव्हरप्रोनेशनचा त्रास’ म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचा खरा त्रास अरुंद बूट हाच असतो. मोठ्या पायाच्या मापावर बूट घ्या आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. रुंदी आवर्जून विचारा. पुरुषांच्या बुटात ‘डी’ म्हणजे नेहमीची रुंदी, ‘टू-ई’ म्हणजे रुंद, ‘फोर-ई’ म्हणजे खूप रुंद. बायकांच्या बुटात ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद, हे माझ्या मैत्रिणींसाठी. आपल्याकडे दुकानांत रुंद मापं कमी ठेवतात आणि मग विक्रेता एक नंबर मोठा पुढे करतो. त्यानं लांबी वाढते, चवडा आवळलेलाच राहतो आणि टाच आत सरकत राहते. त्यापेक्षा रुंद माप मागवायला सांगा आणि आठवडाभर थांबा.

बूट हातात आला की टाचेची मागची भिंत दाबून बघा, ती सहज चेपू नये. दोन टोकं धरून पिळा, ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर तो तुमच्या वजनाला पुरणार नाही. मग पायात घालून एका पायावर उभे राहा, गुडघा थोडा वाकवा, आरशात बघा. तिन्ही जोडांत हे करा. कुठल्यात घोटा कमी थरथरतो, हे तुमचं तुम्हालाच कळेल. शेवटी दुकानाबाहेर पाच मिनिटं हळू पळू द्या, असं सांगा. जे दुकान नाही म्हणेल तिथून निघा. ‘आठवडाभर वापरला की बसेल’ हे वाक्य चामड्याच्या चपलेसाठी ठीक आहे. पळण्याचा बूट पहिल्या मिनिटापासून बरा वाटायला हवा.

बुटाचं स्वतःचं वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम असलं तर घाबरू नका. टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक आठ ते बारा मिलिमीटर असू द्या, त्यापेक्षा कमी असेल तर पोटरीवर ताण येतो आणि तुमची नडगी तो आत्ता मागत नाहीये. पैशांचं म्हणाल तर गेल्या वर्षीची आवृत्ती घ्या. रंग जुना, किंमत बरीच कमी, पायाला फरक कळत नाही. वाचलेल्या पैशांतून पुढे दुसऱ्या कंपनीचा दुसरा जोड घ्या आणि आलटून-पालटून वापरा. दोन वेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापती कमी होतात असं एका अभ्यासात दिसलं आहे, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तर एक जोड वर्तमानपत्र कोंबून वाळत ठेवायला लागतोच. बुटाचं आयुष्य पाचशे ते आठशे किलोमीटर सांगतात. तुमच्या वजनाला चारशेनंतर दर पंधरवड्याला बूट टेबलावर ठेवून मागून बघा. आतल्या बाजूला कलून बसला असेल, किंवा सोलच्या कडेच्या सुरकुत्या दाबल्याविनाच मिटलेल्या दिसत असतील, तर त्याला भाजी आणायला लावा.

साखर सीमारेषेवर आहे म्हणालात, म्हणून एक सवय लावून घ्या. पळून आल्यावर मोजे काढून तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज बघा. तो फोड पूर्ण भरेपर्यंत त्यावर घासणारं काही नको. तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा जाणवत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण अशा पायाला बूट चावतोय हे उशिरा कळतं.

तुमच्या पत्नीच्या म्हणण्यात काळजी आहे आणि थोडं तथ्यही. वजन उतरलं तर प्रत्येक पावलाचा जोर उतरतो, हा सरळ हिशोब आहे. पण ‘आधी वजन, मग पळणं’ या क्रमात कितीतरी लोक वर्षानुवर्षं अडकून पडतात, आणि वजन मुख्यतः ताटातून उतरतं, पळण्यातून नव्हे. दोन्ही सोबत चालू द्या. भरभर चालण्याला कमी लेखू नका. त्यांनाच सोबत घ्या, तळजाईच्या टेकडीवर सकाळी दोघं चाला, म्हणजे तुम्ही कुठे थांबता आणि कुठे लंगडता हे त्यांना दिसेल आणि काळजी अर्धी होईल.

दाबून दुखणं आणि चालताना दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पळू नका, सायकल चालवा किंवा पोहा. मग आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पहिले दोन आठवडे एवढंच. तुम्हाला हे फारच कमी वाटेल, भरतीच्या आठवणीनं तर अपमानासारखं वाटेल. तरी करा. पळण्याची मिनिटं हळूहळू वाढवा, दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी बोलली तर एक पाऊल मागे या. पावलं थोडी छोटी टाका. मिनिटाला दीडशे पडत असतील तर एकशे साठपर्यंत न्या, पाय शरीराच्या फार पुढे पडणार नाही आणि गुडघ्यावरचा भार कमी होईल.

आणि एक दिवसाआड पोटऱ्यांचं काम. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर, सावकाश खाली, आधी दोन्ही पायांवर, जमू लागलं की एकेका पायावर. निम्मे वेळा गुडघा सरळ, निम्मे वेळा किंचित वाकवून. एका पायावर सलग वीस-पंचवीस होईपर्यंत वाढवत न्या. त्यानंतर अनवाणी उभं राहून बोटं न आखडता चवडा टाचेकडे ओढायचा, म्हणजे कमान आपली आपण उचलली जाते, दहा सेकंद धरायची. दात घासताना होतं. इनसोल बाहेरून जे करू बघत होता ते हे स्नायू आतून करतात. इनसोल वाईटच, असं नाही. टाच किंवा कमान दुखत असताना काही महिने तयार मिळणारा मऊसर इनसोल बऱ्याच जणांना आराम देतो. मापाचा महागडा बनवण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला एकदा तुम्हाला चालताना-पळताना बघू द्या.

सातारा हिल हाफ. अंतर एकवीस किलोमीटर, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. चढताना दम लागेल, पण नडगीची आणि बुटाची खरी परीक्षा उतारावर होते. प्रत्येक पाऊल आपटतं, पाय बुटात पुढे सरकतो, नखं काळी पडतात. पुढचं वर्ष फार लवकर धरलंय, असं मला वाटतं. आधी सपाटीवर दहा किलोमीटरची एखादी स्पर्धा करा आणि त्यानंतर तीन-चार महिने काही दुखलं नाही तर घाटाचं ठरवा. दरम्यान गावी जाल तेव्हा एखाद्या सकाळी घाट चढून बघा, हवं तिथे पळत, हवं तिथे चालत. उतरताना मात्र सबंध चालत उतरा. उतरण्यापूर्वी बूट सोडून परत बांधा, सर्वांत वरच्या जास्तीच्या भोकातून नाडीचा छोटा फास काढा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवा आणि ओढा. टाच जागेवर राहते. खाली पोचल्यावर मोजे काढा आणि अंगठ्याचं नख दाबून बघा, दुखलं तर त्या बुटाचं माप घाटासाठी अर्ध्या नंबरानं कमी पडतंय.